रिकाम्या जागेकडे पाहणारी माणसं

एक बसचालक थांब्याथांब्यावरून पोकेमॉन गोळा करत चालला आहे. बस भरत जाते, आतली मंडळी खुशीत आहेत. मग चालक बस थेट भंगाराच्या आवारात नेतो, जुन्या गाड्या चेपणाऱ्या यंत्राखाली उभी करतो आणि यंत्र आपलं काम करतं. बस दबत दबत तळहातावर मावेल एवढी होते आणि तिचा हातात धरून खेळायचा गेमबॉय झालेला असतो. १९९८ साली पोकेमॉनचे पहिले खेळ अमेरिकेत आले तेव्हाची ही जाहिरात. आज ती पाहताना अंगावर बारीकसा काटा येतो. ज्या प्राण्यांना पुढे पाव शतक ‘जिवाभावाचे सोबती’ म्हणून विकलं गेलं, त्यांची अमेरिकी प्रेक्षकाशी अशी गाठ घालून दिली गेली होती. पण त्या जाहिरातीचा प्रामाणिकपणाही मान्य करायला हवा. दीडशे प्राणी एका कार्ट्रिजमध्ये कोंबून दिले आहेत, ते सगळे पकडा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मैत्रीबित्रीची भाषा तिने केली नाही.

खरी माणसं, खरे रस्ते आणि त्यांच्यात वावरणारे संगणकावर घडवलेले प्राणी, अशा छोट्या प्रचारपटांची परंपरा आता पंचवीस वर्षांहून जुनी झाली आहे. लांबी तीस सेकंदांपासून दोन-तीन मिनिटांपर्यंत. समीक्षक त्यांना चित्रपट मानत नाहीत आणि जाहिरातवाले त्यांच्याकडे इतर चार जाहिरातींसारखंच पाहतात. तरी या प्रकाराची एक अडचण कुठल्याही साबणाच्या किंवा गाडीच्या जाहिरातीला नसते. चित्रीकरणाच्या दिवशी निम्मे कलाकार गैरहजर असतात. एका पोराने हवेकडे पाहून हसायचं, हवेला थोपटायचं, हवेच्या जिवासाठी घाबरायचं. त्यामुळे या चित्रफितींची परीक्षा दोन अंगांनी घ्यावी लागते. नसलेल्या प्राण्याशी असलेलं नातं त्यांनी कसं दाखवलं, आणि जे दाखवलं ते विकलेल्या मालात कितपत सापडलं. पहिल्या परीक्षेत बऱ्याच जणी उत्तीर्ण होतात. दुसरीत मात्र निकाल पडतो.

मूळ खेळाला अशा जाहिरातीची गरज नव्हती. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांचं बालपण टोकियोजवळच्या माचिदात किडे पकडण्यात गेलं. शेतं आणि तळी बुजून तिथे शहर उभं राहिलं, तेव्हा किडे पकडण्याची मजा नव्या मुलांना खिशात घालून द्यावी, ही त्यांची कल्पना. दोन गेमबॉय तारेने जोडले की एकाचा प्राणी दुसऱ्याकडे जातो, हा तिचा गाभा. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले खेळ जपानमध्ये विक्रीला आले. त्यांना खरा उठाव मिळाला तो एका अफवेने. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने कार्ट्रिजमधल्या उरल्यासुरल्या जागेत म्यू नावाचा प्राणी गुपचूप घालून ठेवला होता. ‘कोरोकोरो’ या बालमासिकाने वीस जणांना म्यू देण्याची योजना जाहीर केली आणि ७८ हजार अर्ज आले. ज्याला कुणी धड पाहिलेलं नाही त्याच्यासाठी ७८ हजार मुलांनी पोस्टकार्डं लिहिली. पुढच्या कोट्यवधी डॉलरच्या चित्रफितींनाही एवढा स्वस्त आणि एवढा नेमका परिणाम क्वचितच साधला.

जोडीदाराची भाषा आणली ती मुख्यतः प्रतिस्पर्ध्यांनी आणि दूरचित्रवाणीने. तामागोची या खिशातल्या आभासी पाळीव प्राण्याच्या लाटेनंतर बांदाई कंपनीने जून १९९७मध्ये मुलग्यांसाठी तिचा भांडखोर भाऊ काढला, ‘डिजिटल मॉन्स्टर’, म्हणजे डिजिमॉन. दोन यंत्रं एकमेकांना टेकवायची आणि आतल्या प्राण्यांची झुंज लावायची. १९९९च्या मालिकेत मात्र प्रत्येक मुलाला एकच डिजिमॉन मिळाला, बोलणारा, रुसणारा, त्या मुलाच्या धैर्यावर वाढणारा. पोकेमॉनचा ट्रेनर, म्हणजे प्राणी पकडून झुंजवणारा खेळाडू, संग्राहक होता, डिजिमॉनचं मूल पालक होतं. पोकेमॉनच्या मालिकेलाही एप्रिल १९९७पासून हे कळलेलं होतंच. खेळात पिकाचू हा दीडशेतला एक, पण मालिकेत पोकेमॉन ठेवायच्या चेंडूत शिरायला नकार देणारा एकमेव. ही एक गोष्ट नसती तर पुढची जाहिरातपरंपरा बसवाल्याच्याच वाटेने गेली असती.

जिवंत माणसांसह प्रचार करण्याचे सुरुवातीचे अमेरिकी प्रयोग बहुतेक जत्रेच्या जातीचे होते. ऑगस्ट १९९८मध्ये कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहराने एका दिवसापुरतं आपलं नाव ‘टोपिकाचू’ केलं, विमानातून पिकाचूच्या बाहुल्या खाली सोडल्या आणि पिकाचूसारख्या रंगवलेल्या फोक्सवॅगन बीटल गाड्या रस्त्यावर आणल्या. मुलांनी आकाशाकडे हात पसरले. प्राणी वरून पडले खरे, पण कापसाचे.

मधल्या दशकात कंपन्यांनी हा प्रकार जवळपास सोडून दिला आणि तो चाहत्यांच्या हाती गेला. नोव्हेंबर २००५मध्ये स्मॉश या नावाने काम करणाऱ्या दोन अमेरिकी पोरांनी पोकेमॉनच्या शीर्षकगीतावर ओठ हलवत, घरातल्या घरात हातवारे करत एक चित्रफीत काढली. ती काही काळ यूट्यूबवरची सर्वाधिक पाहिली गेलेली चित्रफीत होती. सुमारे २ कोटी ४० लाख वेळा पाहून झाल्यावर २००७मध्ये स्वामित्वहक्काच्या तक्रारीवरून ती उतरवण्यात आली. कंपनीने फुकटात मिळालेली जाहिरात स्वतःच्या हाताने पुसली, असं तेव्हाही म्हटलं गेलं. २०१०मध्ये कॅनडातल्या हौशी मंडळींनी ‘पोकेमॉन अपोकेलिप्स’ नावाची, अस्तित्वात नसलेल्या चित्रपटाची झलक काढली. अंधारं जग, रक्त, पकडले गेलेले प्राणी आणि त्यांच्यावर पैसे लावणारे लोक. विनोद म्हणून ती उत्तमच होती, पण तिने एक अवघड प्रश्न मोकळा केला. प्राण्यांची झुंज लावणं खऱ्या माणसांच्या, खऱ्या उजेडाच्या जगात आणलं, तर ते कोंबड्यांच्या झुंजीहून वेगळं कसं दिसेल? अधिकृत चित्रफिती या प्रश्नाला आजवर बगल देत आल्या आहेत. त्यांच्या झुंजींत कुणालाही खरचटत नाही आणि प्रेक्षकांत नेहमी लहान मुलं असतात.

मग आला २०१४चा ‘एप्रिल फूल’. गूगलने ३१ मार्चला एक चित्रफीत प्रसिद्ध केली. कंपनीला म्हणे ‘पोकेमॉन मास्टर’ या पदासाठी माणूस हवा आहे आणि उमेदवार डोंगरदऱ्यांत, वाळूत, पाण्याकाठी फोन रोखून प्राणी शोधत फिरत आहेत. सगळा थाट गंभीर भरतीचा. प्रत्यक्षात काय मिळालं, तर गूगल नकाशावर लपवलेली पोकेमॉनची सपाट चित्रं, बोट लावून पकडायची. कल्पना होती गूगलमधले अभियंते तात्सुओ नोमुरा यांची. गंमत ही, की लोकांना नकाशावरच्या खेळापेक्षा चित्रफितीतला खोटा खेळ जास्त आवडला. ‘हे खरंच का नाही करत?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळायला दोन वर्षं लागली. नोमुरा पुढे नायँटिक कंपनीत गेले आणि ‘पोकेमॉन गो’ या फोनवरच्या खेळाच्या कामात आघाडीवर राहिले. जाहिरात आधी आणि माल नंतर, असा उलटा क्रम या क्षेत्रात एकदा तरी खरा ठरला.

१० सप्टेंबर २०१५ रोजी ‘पोकेमॉन गो’ची घोषणा झाली ती याच प्रकारातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रफितीने. ती प्रत्येकाने एकदा तरी सावकाश पाहावी. रस्त्यावर, पाण्याकाठी, शहरात माणसं फोन वर धरतात आणि समोरच्या जागेत प्राणी उभा असतो. सगळ्यांत शेवटी न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर. मोठ्या पडद्यांवर उलटी वेळ धावते आहे, हजारोंचा जमाव फोन उगारून उभा आहे आणि मधोमध म्यूटू नावाचा बलाढ्य पोकेमॉन. सगळे मिळून त्याच्याशी लढतात, घड्याळाचे शेवटचे क्षण उरतात, तो हरतो आणि अख्खा चौक एका सुरात ओरडतो. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारतात. या दृश्यात म्यूटूचं काम अगदी किरकोळ आहे. खरं पाहण्यासारखं आहे ते वर वळलेल्या चेहऱ्यांचं रान. दिग्दर्शकाला नेमकं कळलं होतं की एक प्राणी पटवून देण्यापेक्षा, हजार माणसांना तो दिसतो आहे हे पटवून देणं सोपं असतं. गणपती विसर्जनाच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाला मूर्ती दिसत नाही, पण पुढच्यांचे जोडलेले हात पाहून ती कुठवर आली ते त्याला कळतं. तसंच हे.

आता दुसरी परीक्षा. जुलै २०१६मध्ये खेळ आला तेव्हा त्यात एकमेकांशी प्राण्यांची देवघेव नव्हती, दोन खेळाडूंची समोरासमोर झुंज नव्हती आणि म्यूटूही नव्हता. कॅमेऱ्यातल्या दृश्यावर प्राणी चिकटवून दाखवण्याची सोय होती, पण तिने बॅटरी इतकी खाल्ली की सराईत खेळाडू ती पहिल्या आठवड्यातच बंद करत. देवघेव आली जून २०१८मध्ये, झुंज आली त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. म्यूटू पहिल्यांदा दिसला तो ऑगस्ट २०१७मध्ये योकोहामाच्या एका स्टेडियममध्ये जमलेल्यांना. चित्रफितीतलं वचन पुरं व्हायला तीन वर्षं गेली, तीही हप्त्याहप्त्याने. तरी लोकांनी मनावर घेतलं नाही. सप्टेंबर २०१६पर्यंत हा खेळ ५० कोटी वेळा उतरवून घेतला गेला आणि खेळाडू ४६० कोटी किलोमीटर चालले, असं कंपनीने सांगितलं. त्या आकड्यापुढे वचनभंगाची तक्रार कोण ऐकणार?

टाइम्स स्क्वेअरचं दृश्य प्रत्यक्षात करून पाहायचा प्रयत्नही झाला. २२ जुलै २०१७ला शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये सुमारे २० हजार खेळाडू तिकीट काढून जमले. एवढ्या लोकांनी एकाच वेळी फोन उघडल्यावर मोबाइलचं जाळं कोलमडलं, खेळ उघडेना. नायँटिकचे प्रमुख जॉन हँकी मंचावर आले तेव्हा गर्दीने त्यांची हुर्यो उडवली. कंपनीने तिकिटाचे पैसे परत केले, १०० डॉलर किमतीची खेळातली नाणी दिली आणि लुगिया नावाचा दुर्मीळ प्राणी प्रत्येकाच्या खात्यात टाकून दिला. पुढे मामला न्यायालयात गेला आणि तडजोडीने मिटला. चित्रफितीतल्या गर्दीने आणि बागेतल्या गर्दीने एकच गोष्ट केली होती, सगळ्यांनी मिळून फोन वर धरला होता. एका ठिकाणी सिग्नल होता, एवढाच फरक.

भारतात या सगळ्याची चव थोडी निराळी आहे. इथल्या पिढीने पोकेमॉन पाहिला तो २००३च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर, हिंदी आवाजात, शाळेतून आल्यावर हातपाय धुवायच्या आधी. सोबतीला चिप्सच्या पाकिटातले टॅझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या. पण मूळ खेळ फार थोड्या घरांत होता. गेमबॉय परदेशातल्या काकाने आणला तर आणला, बाकीच्यांकडे टीव्हीला जोडायचा, ‘कॅसेट’ घालायचा नकली संच. त्यामुळे मराठी पोरांना पिकाचू ठाऊक होता, पण ट्रेनर होण्याचा अनुभव नव्हता. जपानी मुलासाठी ‘पोकेमॉन गो’ची चित्रफीत जुन्या आठवणीचं नवं रूप होती. पुण्या-मुंबईच्या पंचविशीतल्या माणसासाठी मात्र ट्रेनर व्हायचं ते पहिलंवहिलं आमंत्रण होतं. म्हणूनच खेळ अधिकृतपणे यायच्या आधीच इथे आडवाटेने उतरवला गेला. १४ डिसेंबर २०१६ला तो भारतात अधिकृतपणे आला तेव्हा रिलायन्स जिओशी करार झालेला होता आणि रिलायन्सची दुकानं खेळातले थांबे, म्हणजे खेळाडूंनी जाऊन सामान गोळा करायच्या जागा, झाली होती. जाहिरातीत टाइम्स स्क्वेअर, प्रत्यक्षात सिमकार्डाची रांग.

त्याआधीच सप्टेंबरमध्ये गुजरात उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर नोटिसा काढल्या होत्या. देवळांत आणि इतर प्रार्थनास्थळी खेळातली अंडी मिळतात, त्याने भावना दुखावतात, अशी तक्रार होती. यामागचं कारण तांत्रिक आणि काहीसं मजेशीर होतं. नायँटिकचा आधीचा खेळ ‘इन्ग्रेस’ याच्या खेळाडूंनी जगभरातल्या उल्लेखनीय जागा नोंदवून ठेवल्या होत्या आणि नव्या खेळाने त्याच जागा थांबे म्हणून उचलल्या. अमेरिकेत अशी जागा म्हणजे बहुधा पुतळा, कारंजं, भिंतीवरचं चित्र. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर उल्लेखनीय काय असतं, हे वेगळं सांगायला नको. प्रचारपटातलं शहर हे नेहमी सगळ्यांसाठी मोकळं असलेलं, कुणाचंच नसलेलं शहर असतं. खऱ्या शहरात प्रत्येक कोपरा कुणाचा तरी असतो. सप्टेंबर २०२३मध्ये खेळ हिंदीत आला, ८००हून अधिक पोकेमॉनना हिंदी नावं मिळाली. मराठी खेळाडू त्यांना अजून जुन्याच, मालिकेतल्या नावांनी हाक मारतो.

२०१६ हे वर्ष या प्रकाराचं सर्वांत श्रीमंत वर्ष. पोकेमॉनला वीस वर्षं झाली म्हणून ७ फेब्रुवारीच्या सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात एक जाहिरात दाखवली गेली. त्या वर्षी तिथल्या तीस सेकंदांचा भाव ५० लाख डॉलरच्या घरात होता. चित्रफीत सुरू होते रिओ दि जानेरोत पळणाऱ्या एका मुलापासून. कुणी तरी काही तरी करताना दिसतं, पाहणारा म्हणतो, ‘हे मलाही जमेल’, आणि ते वाक्य देशोदेशी एकाकडून दुसऱ्याकडे जातं. अजस्र प्राणी दिसतात ते अखेरीस, भरगच्च स्टेडियममध्ये, आणि मग कॅमेरा एका घरात येतो. टीव्हीसमोर बसलेलं मूल आणि त्याला ‘तुलाही जमेल’ म्हणणारा बाप. फुटबॉलच्या बाजारात घामाची आणि जिद्दीची भाषा चालते, हे ओळखून बनवलेली ही जाहिरात आहे. बनावट उत्तम. पण तिच्यातून पोकेमॉन काढून बुटांचा जोड ठेवला तर एक चौकटसुद्धा बदलावी लागणार नाही. महागड्या जाहिरातीची ही जुनीच व्यथा.

त्याच वर्षी ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांसाठी आलेली जपानी चित्रफीत मात्र अशी अदलाबदल होऊ देत नाही. एका जपानी मुलाचं कुटुंब हवाईला राहायला जातं. नव्या खेळाचा प्रदेश हवाईवरून बेतलेला, त्यामुळे निमित्त तयारच होतं. मुलाला भाषा येत नाही. वर्गात तो एकटा, घरी एकटा. हातातला खेळ तेवढा ओळखीचा आणि त्यातले प्राणी त्याच्या अवतीभवती दिसू लागतात. मग कळतं की इथली पोरंही तेच खेळतात. इथे प्राणी हा दोन मुलांमधला दुभाषा आहे. ताजिरींनी दोन गेमबॉय तारेने जोडले होते, तीच तार इथे कथेत ओढून आणली आहे. दादर सोडून न्यू जर्सीला गेलेल्या घरातल्या मुलाला ही चित्रफीत समजावून सांगायची गरज पडणार नाही. या संपूर्ण आढाव्यातली सर्वांत चांगली चित्रफीत कुठली, असं कुणी विचारलं तर हिचं नाव घ्यावं लागेल. पिकाचू गोड दिसतो, हा मुद्दा तिला एकदाही मदतीला बोलवावा लागत नाही.

हे सगळं घडतं कसं, तेही थोडं पाहायला हवं. प्राण्याच्या जागी चित्रीकरणात काठीवरचा चेंडू किंवा स्पंजाचा ठोकळा धरतात, म्हणजे नटाची नजर नेमक्या उंचीवर राहते. दोन कलाकार दोन वेगळ्या उंचींवर पाहू लागले तर नंतर कितीही पैसे ओतले तरी प्राणी खरा वाटत नाही. मग त्याच जागी एक करडा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा ठेवून छायाचित्रं घेतात. कुठून किती उजेड येतो याची ती नोंद असते आणि पुढे संगणकातल्या प्राण्यावर तोच उजेड पाडला जातो. शेवटी येतात पाय. पाऊल जमिनीला जिथे टेकतं तिथली काळी, पातळ सावली चुकली की प्राणी तरंगतो आणि प्रेक्षकाला का ते न कळताही खटकतं. बाकी चमत्कार जुनेच आहेत. दादासाहेब फाळक्यांनी १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपली लहानगी मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केलं आणि नागाशी झुंजवलं. पण चित्रपटाच्या आरंभी त्यांनी नुसता तिचा चेहरा दाखवला, एकेक भाव पालटताना. नाग खरा वाटण्याआधी मूल खरं वाटलं पाहिजे, हे फाळके शंभर वर्षांपूर्वी जाणून होते.

उलट टोक पाहायचं तर २०१९चा ‘डिटेक्टिव्ह पिकाचू’. हा पूर्ण लांबीचा चित्रपट असला तरी त्याची खरी लढाई झलकेतच लढली गेली. नोव्हेंबर २०१८मध्ये पहिली झलक आली आणि जगभर एकच चर्चा, पिकाचूला केस आहेत! वीस वर्षं गुळगुळीत पिवळा असलेला प्राणी आता ससोट्यासारखा लवदार झाला होता. मिस्टर माइम या पोकेमॉनचं रबरी कातडं पाहून तर काही जणांनी डोळेच मिटले. पण नजरा सरावल्या, कारण रॉब लेटरमन यांच्या चित्रपटात प्राण्यांचं शहर वापरलेलं, मळलेलं, राहतं वाटत होतं, आणि जस्टिस स्मिथ या नटाची नजर एकदाही भरकटली नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये ‘सॉनिक’ या दुसऱ्या व्हिडिओ गेमवरच्या चित्रपटाची झलक आली. त्या निळ्या प्राण्याचे माणसासारखे दात पाहून इतकी बोंब झाली की दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी दोन दिवसांत रूप बदलण्याचं कबूल केलं आणि चित्रपट नोव्हेंबर २०१९वरून फेब्रुवारी २०२०वर गेला. झलक आता नुसती ओळख करून देत नव्हती, प्राण्याची पसंतीही तिथेच होऊ लागली होती. कांदेपोहेच म्हणायचे, फक्त मुलगी संगणकावरची.

‘डिटेक्टिव्ह पिकाचू’वाल्यांनी केलेला एक वात्रटपणा मात्र या प्रकाराच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे. प्रदर्शनाच्या तोंडावर, ७ मे २०१९ला, यूट्यूबवर ‘पूर्ण चित्रपट’ फुटल्यासारखी एक चित्रफीत टाकली गेली. सुरुवातीला चित्रपटातलं थोडंसं दृश्य आणि मग जवळपास पावणेदोन तास पिकाचू एकटाच १९८०च्या दशकातल्या व्यायामाच्या संगीतावर नाचतो आहे. चोरून चित्रपट पाहायला आलेल्यांना मिळालेली ही शिक्षा लोकांनी आनंदाने भोगली. या दृश्यात माणूस नाहीच. ज्याला चित्रपट फुकट हवा होता तो प्रेक्षक हाच त्या दृश्यातला माणूस.

यानंतर गाण्यांचा काळ आला. पंचविसाव्या वर्षी, मे २०२१मध्ये, केटी पेरी हिच्या ‘इलेक्ट्रिक’ गाण्याच्या चित्रफितीत ती आणि पिकाचू हवाईत आपल्याच लहानपणाला भेटतात. सप्टेंबर २०२२मध्ये एड शीरनच्या ‘सेलेस्टियल’मध्ये दिवसभराच्या धबडग्यात चितारलेले पोकेमॉन त्याच्या आजूबाजूला असतात. दुसऱ्या चित्रफितीत प्राणी खरे दिसावेत असा हट्टच धरलेला नाही, ते सरळ रेघांचे आहेत, आणि म्हणून ती जास्त सैल, जास्त हसरी झाली आहे. पण दोन्हीकडे ट्रेनरची जागा तारांकित गायकाने घेतली आहे. पाहणाऱ्याने स्वतःला तिथे कल्पावं, ही या प्रकाराची मूळ मेख तिथे ढिली पडते. आपण केटी पेरी नाही, हे प्रत्येक मुलाला माहीत असतं.

पोकेमॉनच्या बाहेर, ‘योकाई वॉच’ या भुतांच्या जपानी मालिकेच्या मंडळींनी त्याआधीच, डिसेंबर २०१६च्या चित्रपटात, वेगळाच खेळ केला होता. रेखाटलेलं जग अचानक खऱ्या नटांच्या जगात पालटतं आणि पुन्हा परत येतं. मनगटावरच्या घड्याळातून दिसणारी भुतं दोन्हीकडे तीच राहतात. कल्पना हुशार, पण खेळण्याची लाट तोवर ओसरायला लागली होती. योकोहामात भरणाऱ्या पिकाचूच्या मेळ्यांत तर संगणकाचं कामच नसे. आत माणूस घातलेले पिकाचू ओळीने रस्त्यावरून चालायचे आणि मुलं कडेला उभी राहून हात हलवायची. बहुरूप्याला जे जमतं ते करड्या गोळ्यांना नेहमी जमेलच असं नाही.

आणि २७ फेब्रुवारी २०२२. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या नव्या खेळांची घोषणा एका जिवंत दृश्याने सुरू झाली. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, हातात विजेरी, रिकामं कार्यालय. भिंतींवरच्या, मेजांवरच्या लहानसहान वस्तूंत नव्या प्रदेशाचे इशारे पेरलेले. एकही पोकेमॉन अंगणात उतरत नाही, कुणी कुणाला थोपटत नाही. दिसतो तो आपल्या फेरीवर निघालेला, थोडा कंटाळलेला माणूस आणि त्याच्या विजेरीचा उजेड जिथे पडेल तिथे पाहायला लागलेले आपण. चाहत्यांनी चौकट थांबवून थांबवून प्रत्येक कागद वाचला आणि काही तासांत प्रदेश स्पेनच्या बाजूचा असणार, असा अंदाज बांधला. तो बरोबर निघाला. म्यूसाठी पोस्टकार्डं लिहिणाऱ्या मुलांची ही नवी भावंडं.

नोव्हेंबरमध्ये खेळ हातात पडला तेव्हा त्याच्या चित्रफिती पुन्हा सगळीकडे फिरल्या, पण या वेळी खेळाडूंनी टिपलेल्या. पडदा अडखळत होता, ट्रेनर आणि त्यांचे प्राणी चालता चालता जमिनीत रुतत होते, कधी अर्धे भिंतीत जात होते. खेळ प्रकाशित करणाऱ्या निन्टेन्डोला डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी दुरुस्ती काढून दिलगिरी व्यक्त करावी लागली. पहिल्या तीन दिवसांत १ कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या.